चिपटंभर म्हणजे किती?

मालवणजवळच्या आमच्या घरात वड्याच्या पिठाचं प्रमाण आजीच्या तोंडी होतं. पायलीभर तांदूळ, चार चिपटी उडीद, धणे-मेथी अंदाजाने. आजी गेली, तिच्याबरोबर अंदाजही गेला. मागे राहिलं ते हे पितळेचं चिपटं. काठ झिजलाय, बुडाला एक पोचा.

कोष्टक सोपं आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. चौथा हिस्सा काढला की चिपटं २३३ ग्रॅम. आम्हीही आधी हेच लिहिलं, आणि पीठ बिघडलं.

कारण ९३३ ग्रॅम हा तराजूचा शेर. चिपटं हे धान्य मापायचं भांडं, ते वजन नाही सांगत, जागा सांगतं. त्यात तराजूची वजनंही मुलुखागणिक निराळी. जुना मुंबई मण २८ पौंडांचा, जेमतेम १२.७ किलो, बंगाली मण ३७ किलोंच्या वर. नाव मात्र दोघांचं मणच.

म्हणून यावेळी कोष्टक बाजूला ठेवलं आणि वजनकाटा ओट्यावर घेतला.

चिपट्यात काठोकाठ पाणी मावलं २३५ मिलीलिटर. तांदूळ, वरून हात फिरवून सपाट केलेला: १९० ग्रॅम. तांदळाचं पीठ, त्याच चिपट्यात: जेमतेम १३०.

पण आजी सपाट कधी मापायची नाही. "शिगोशीग भर गो," म्हणायची. दाणे उतारावरून घरंगळायला लागेपर्यंत ओतत राहायचं, मग थांबायचं. तसं भरलं. काटा २२० वर गेला. पायलीची सोळा चिपटी. सपाट आणि शिगेच्या मापात जवळजवळ अर्धा किलो तांदळाचा फरक!

१९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला, १९५८पासून किलोची वजनं बाजारात आली. तरी मासळीबाजारात बांगड्यांचा वाटाच लागतो, नारळ शेकड्यानेच मोजतात.

वहीत आता लिहिलंय: तांदूळ साडेतीन किलो, उडीद नऊशे ग्रॅम. धणे-मेथीपुढची जागा कोरी आहे. उद्या मोठी आत्या यायची आहे. आजीच्या हाताखाली पीठ तिनेच केलंय. ती नेहमीसारखी मुठीने घालेल. फक्त मूठ परातीत पडण्याआधी आम्ही ती काट्यावर उतरवून घेणार आहोत.