रंग गेला, विष राहिलं

नमस्कार श्रोतेहो.

रसायनांचा माणसाच्या आरोग्याला असलेला धोका मोजतात कसा, हा आजचा विषय. चार प्रश्न आधीच सांगून ठेवतो. किती? कुठून? किती दिवस? आणि कोणाला? पुन्हा एकदा: किती, कुठून, किती दिवस, कोणाला. ही चार उत्तरं हाती आल्याशिवाय एखाद्या रसायनाला घाबरायचं की नाही, ते ठरत नाही. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, पुढे थोडा हिशेब आहे. पण आधी गोष्ट.

इराक, साल १९७१. पीक बुडालेलं. सरकारनं जास्त उतारा देणाऱ्या गव्हाचं बियाणं मेक्सिकोहून मागवलं, जोडीला बार्लीचंही. गहू सुमारे ७३ हजार टन, बार्ली सुमारे २२ हजार टन. लक्षात घ्या, हे बियाणं होतं, पेरायचं. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल मर्क्युरीची, म्हणजे पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगाची, प्रक्रिया केलेली होती. खायच्या धान्यात मिसळू नये म्हणून दाण्यांना गुलाबीसर लाल रंगही दिलेला होता. पोत्यांवर इशारा होता, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. कवटीचं चित्र होतं, पण ते पाहून 'हे खाऊ नका' असा अर्थ काढायची सवय खेड्यातल्या कोणालाच नव्हती. धोक्याच्या लेबलाबद्दल माझं जुनं मत आहे, आडवळणाचं असलं तरी सांगतोच. लेबल छापण्याआधी ते ज्याच्या हातात पडणार त्याच दहा माणसांना दाखवावं आणि विचारावं, यावरून तुम्ही काय कराल? मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला इशारा कंपनीला कोर्टात वाचवतो, वापरणाऱ्याला नाही.

तर, बऱ्याच गावांत पोती पोचली तेव्हा पेरणी उरकलेली होती. कणग्या रिकाम्या, आणि दारात गहू. लोकांनी आंधळेपणानं खाल्ला नाही बरं का, पारखून घेतला. एक परीक्षा पाण्याची. गहू धुतला, रंग सुटला, पाणी लाल झालं, दाणे स्वच्छ दिसले. रंग गेला म्हणजे औषध गेलं, असा समज झाला. रंग पाण्यात विरघळत होता, पण पारा दाण्यातच राहिला. दुसरी परीक्षा कोंबड्यांची. काही दिवस कोंबड्यांना तो गहू घातला. कोंबड्या धडधाकट. मग पीठ दळलं, रोट्या भाजल्या, घरातल्या सगळ्यांनी खाल्ल्या.

भाजल्यानं तो पारा गेला नाही. चवीत फरक नाही, वासात फरक नाही. आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे पहिले काही आठवडे कोणालाच काही झालं नाही. मिथाइल मर्क्युरी शरीरात साठत जाते आणि मेंदूवरचा परिणाम उशिरा दिसतो. काही दिवसांची कोंबड्यांची परीक्षा इथेच फसली. तिसरा प्रश्न आठवा: किती दिवस? परीक्षा विषाच्या सुप्त काळापेक्षा छोटी असेल तर ती 'सुरक्षित' असंच उत्तर देणार, विष असलं तरी.

१९७१ च्या डिसेंबरअखेर रुग्ण येऊ लागले. ओठांभोवती आणि हातापायांना मुंग्या, मग चालताना तोल जाणं, बोलणं जड होणं, नजरेचा परीघ आक्रसणं, काहींची दृष्टी आणि श्रवण पूर्ण जाणं. इस्पितळांत ६५३० रुग्ण दाखल झाले आणि त्यातले ४५९ दगावले. हे इस्पितळापर्यंत पोचलेले, नोंदलेले आकडे. प्रक्रिया केलेल्या बियाण्याची विषबाधा इराकनं त्याआधी १९५६ आणि १९६० मध्येही पाहिली होती.

आता त्या धान्यातलं प्रमाण पाहा. तपासलेल्या गव्हात मिथाइल मर्क्युरी सरासरी किलोला ८ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. समजा कोणी दिवसाला ४०० ग्रॅम पीठ खाल्लं. ८ गुणिले शून्य पूर्णांक ४, म्हणजे ३.२ मिलिग्रॅम, म्हणजेच ३२०० मायक्रोग्रॅम. माणूस ६० किलोचा धरू. भागाकार केला की किलोमागे रोज ५३ मायक्रोग्रॅम. हा ५३ कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

लोकांनी नेमकं किती खाल्लं हे महिन्यांनंतर कसं कळणार? केसांवरून. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढताना त्या वेळी रक्तात असलेला पारा त्यात अडकतो. गरोदरपणात हा गहू खाल्लेल्या बायकांचे लांब केस मुळापासून सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करून तपासले. कोणत्या महिन्यात शरीरात किती पारा होता, याची रोजनिशीच केसात मिळाली. मग त्यांची मुलं पाहिली. मूल केव्हा चालायला लागलं, केव्हा बोलायला लागलं. अशा ८१ माय-लेकरांच्या जोड्या अभ्यासल्या गेल्या. आईला जेमतेम मुंग्या, किंवा काहीच नाही, आणि मूल मात्र चालण्या-बोलण्यात मागे, असं आढळलं. चौथा प्रश्न: कोणाला? गर्भाला. मोठ्या माणसाला काही झालं नाही, हा बाळ सुरक्षित असल्याचा पुरावा होत नाही.

याच माहितीवरून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९५ मध्ये मिथाइल मर्क्युरी रोज किती पोटात गेली तर चालेल, याची मर्यादा काढली. सावकाश सांगतो. आईच्या केसात ११ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ११ भाग पारा, ही आधाररेषा धरली, म्हणजे त्याच्या वर मुलांवरच्या परिणामाची काळजी. केसात रक्ताच्या २५० पट पारा असतो, म्हणून रक्तात लिटरला ४४ मायक्रोग्रॅम. रक्त ५ लिटर, म्हणजे एकूण २२०. शरीरातल्या साऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ५ टक्के रक्तात असतो, म्हणजे शरीरभर ४४००. त्यातला रोज १.४ टक्के बाहेर पडतो, साधारण ६२. साठा तेवढाच राहायचा तर रोज तितकाच आत यायला हवा, आणि खाल्लेल्यातला ९५ टक्के शोषला जातो, म्हणून खाणं ६५ मायक्रोग्रॅम. वजन ६० किलो. उत्तर: किलोमागे रोज १.१. माणसामाणसांत फरक असतो, माहितीतही फटी असतात, म्हणून याला १० नं भागलं. उरलं साधारण ०.१ मायक्रोग्रॅम. पुढे २००१ मध्ये उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फॅरो बेटांवरच्या मुलांची माहिती धरून फेरविचार झाला, तरी आकडा तोच राहिला, ०.१.

आता कोपऱ्यातला ५३ काढा आणि ०.१ नं भागा. ५३०. मर्यादेच्या पाचशे तीस पट. या भागाकाराला धोका-गुणोत्तर म्हणतात. एकाच्या आत असेल तर सहसा चिंता नाही. एकाच्या वर गेलं म्हणजे माणूस आजारी पडणारच असं मात्र नाही, कारण मर्यादेत दहा पटींची गादी घातलेली असते. गुणोत्तर दोन आलं तर पुढची तपासणी आणि खाणं कमी करण्याचा विचार. पाचशे आलं तर ते धान्य त्याच दिवशी थांबवायचं.

गोष्टीनं वेळ खाल्ला, उरलेलं भराभर सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९८३ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही जगभर वापरात आहेत. रसायन काय इजा करतं ते ओळखा. किती मात्रेला किती इजा, ते पाहा. माणसाच्या शरीरात प्रत्यक्ष किती जातं, ते मोजा. मग दोन्ही शेजारी ठेवून धोका सांगा. माणसांवरची माहिती नसेल तर प्राण्यांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही ती घेतात आणि सहसा १०० नं भागतात. दहा पट प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. पेशींतल्या जनुकांना इजा करून कर्करोग करणाऱ्या रसायनांना हा हिशेब लावत नाहीत. तिथे निर्धोक मात्रा धरतच नाहीत, आयुष्यभराची शक्यता काढतात, दहा लाखांत एक, लाखात एक अशी. म्हणून बातमीत 'धोका दुप्पट' ऐकलंत की विचारा, कशाच्या दुप्पट? दहा लाखांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच.

शरीरात किती जातं, या पायरीवर चुका सर्वांत जास्त होतात. एक, वजन विसरणं. ७० किलोचा माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो, १० किलोचं मूल १ लिटर. पाणी तेच, पण किलोमागे मुलाच्या वाट्याला साडेतीन पट. दोन, एकच वाट धरणं. नाक, तोंड, त्वचा, तिन्ही मोजायच्या. पाण्यातलं क्लोरोफॉर्म गरम पाण्याच्या अंघोळीत वाफेबरोबर नाकातूनही जातं. तीन, अहवालातल्या 'आढळलं नाही' या शब्दांना शून्य समजणं. त्याचा अर्थ यंत्राच्या पकडीच्या खाली, म्हणून ती पकड किती ते विचारा. ती मर्यादेपेक्षाच मोठी असेल तर अहवाल कुचकामी. आणि पाणी उकळून आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट जात नाहीत. पाणी आटतं, ते उरतात, प्रमाण उलट वाढतं.

नाकावर भरवसा ठेवणारे तर पुष्कळ. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण घातक झालं की वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणसाला वाटतं, वायू गेला. खोलीत सुगंधी फवारे मारणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच. दुर्गंधीचं कारण तसंच राहतं आणि हवेत आणखी चार रसायनं वाढतात.

शेवटी एक कामाची गोष्ट. ब्लीच आणि ॲसिडचा टॉयलेट क्लीनर एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो. तसं झालंच तर आधी बाहेर पडा, ताजी हवा घ्या. बाटल्या आवरायला परत आत जाऊ नका. कोणाच्या पोटात काही गेलं असेल तर ओकारी काढायला लावू नका. ॲसिड किंवा दाहक पदार्थ वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतो, रॉकेल-पेट्रोल फुप्फुसात शिरतं. मूळ बाटली लेबलसकट डॉक्टरांकडे न्या आणि चार गोष्टी सांगा: किती गेलं, कुठून गेलं, किती वेळ झाला, आणि माणसाचं वय-वजन काय.

नमस्कार.