सोन्याची कॅप कुठल्या दाढेला शोभते

सोन्याच्या कॅपचा विषय निघाला की पहिला आक्षेप रंगाचा असतो. तो एका वाक्यात संपवू: हसताना दिसणाऱ्या दाताला पिवळी कॅप नको असेल, तर ती मागच्या दाढेसाठी ठेवा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कॅपसाठी दाढ किती घासावी लागते.

सोन्यासाठी चावायच्या बाजूने 1 ते 1.5 मिलिमीटर आणि हिरडीजवळच्या कडेला जेमतेम अर्धा मिलिमीटर घासलं की भागतं. पोर्सिलेनला, म्हणजे दाताच्या रंगाच्या चिनी मातीच्या कॅपला, चावायच्या बाजूने 1.5 ते 2 मिलिमीटर जागा लागते, कारण पातळ पोर्सिलेनचा टवका उडतो. पातळ सोनं दाबाखाली किंचित दबतं, पण तुटत नाही. चावायच्या बाजूचा हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण शेवटची दाढ मुळातच बुटकी असते. घासून तिची उंची फार कमी झाली, तर कॅपला धरायला भिंतच उरत नाही आणि ती वारंवार निघून येते. तिथे सोन्याची बाजू वरचढ ठरते.

मात्र हे सोनं शुद्ध नसतं. शुद्ध सोनं चावण्याला टिकणार नाही इतकं मऊ. म्हणून त्यात तांबं, चांदी, पॅलेडियम, प्लॅटिनम मिसळतात. ‘हाय नोबल’ म्हणवणाऱ्या मिश्रधातूत नोबल धातू (सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे न गंजणारे) वजनाने किमान 60 टक्के आणि त्यातही सोनं एकूण वजनाच्या किमान 40 टक्के असावं लागतं. पिवळेपणावर जाऊ नका. तांब्याचे स्वस्त मिश्रधातूही पिवळेच दिसतात आणि तोंडात काळवंडतात. कॅप बनवणाऱ्या लॅबकडून मिश्रधातूचं नाव आणि घटकांची टक्केवारी लेखी मागा. पॅलेडियमची किंवा तांब्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना तर हा कागद हवाच.

झोपेत दात खाणाऱ्यांसाठी माझं मत सोन्याच्या बाजूने आहे. हा मिश्रधातू इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरापेक्षा मऊ, त्यामुळे समोरच्या जबड्यातली दाढ फारशी झिजत नाही. खडबडीत राहिलेलं पोर्सिलेन तिला कानशीसारखं घासतं. पण याच मऊपणापायी कालांतराने कॅपच्या उंचवट्यावर भोक पडू शकतं, आणि ते बहुधा जिथे दाढ कमी घासली होती तिथेच. म्हणून सिमेंटने कॅप चिकटवण्याआधी जाडी मोजण्याच्या चिमट्याने कॅप तपासावी. चावायच्या जागी 1 मिलिमीटरपेक्षा खूपच कमी भरली, तर दाढ थोडी आणखी घासून कॅप नव्याने ओतून घेणं परवडतं.

कडेची तपासणी त्याहून बारकाईने करावी लागते. प्रोबचं, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीच्या सुईचं टोक आधी दाताकडून कॅपकडे, मग कॅपकडून दाताकडे ओढायचं. फक्त पहिल्या खेपेला अडकलं, तर कॅपची कड बाहेर आली आहे. ती घासून पॉलिश करता येते. फक्त दुसऱ्या खेपेला अडकलं, तर कड आखूड पडली आहे. दोन्हीकडून अडकलं, तर मध्ये फट आहे. ती सिमेंटने बुजवून पाठवू नये. सिमेंट विरघळतं आणि कीड तिथूनच आत शिरते. कॅप परत ओतायला पाठवावी.

आणि आत शिरलेली ही कीड एक्स-रेत दिसत नाही. धातूखालचं सगळं पांढरं येतं. दोन दाढांमधली कडेखालची कीड तेवढी दिसू शकते. म्हणून सोन्याची कॅप असलेल्यांनी त्या कडेशी रोज फ्लॉस फिरवावा आणि तपासणीत प्रोब लावून घ्यावा.

जिवंत दाढेवर सोनं बसवलं की सुरुवातीला थंड-गरम झोंबतं. धातू उष्णता पटकन आत पोहोचवतो. हे सहसा काही आठवड्यांत कमी होतं. वाढत गेलं किंवा रात्री ठणका लागला, तर नस तपासावी. रूट कॅनालची वेळ आलीच, तर सोन्याला भोक पाडणं झिर्कोनियापेक्षा (पांढऱ्या, फार कठीण सिरॅमिकपेक्षा) पुष्कळ सोपं आहे. कॅप हलत नसेल आणि कड घट्ट असेल, तर ते भोक भरून तीच कॅप पुढे वापरता येते.