चाफ्याची काठी आणि पाण्याचा तांब्या

श्रोतेहो, नमस्कार.

मार्गशीर्ष लागला की गच्चीवरच्या कुंडीतला चाफा पानं टाकायला लागतो. एकेक पान पिवळं पडतं, गळतं, आणि मागे राहतात त्या राखाडी, बोथट काठ्या, हरणाच्या शिंगांसारख्या. मग घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "वाळलं वाटतं गं, पाणी घाल जरा."

माझा पहिला चाफा असाच गेला. मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत होते, अगदी मायेनं. जानेवारीत बुंध्याशी अंगठा दाबला, तर पिकल्या केळ्यात जावा तसा आत गेला. आत सगळं तपकिरी, आंबूस वासाचं.

हा आपला देवचाफा, कोणी खुरचाफा म्हणतात. सोनचाफ्याशी याचं नातं नावापुरतंच. हा कण्हेरीच्या कुळातला, म्हणून तर फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. देवळांच्या आवारात इतका रुळलाय की परका वाटतच नाही, पण मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. तिथले कोरडे महिने काढायचे तर जाड फांद्यांत पाणी साठवायचं, पानं झाडून टाकायची आणि झोपायचं, हा त्याचा रिवाज. कुंडीत आला म्हणून तो काही सोडत नाही. तेव्हा पानं गळली की पाणी जवळजवळ बंद. काठी टणक आहे ना? मग झाड जिवंत आहे. फांदीच्या टोकाला हिरवा कोंब दिसला की पुन्हा सुरुवात करा. गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा मात्र बरेचदा पानं राखून असतो. त्याला अधूनमधून घोटभर द्यावं.

नवं झाड करायचं तर फांदी आज कापू नका, होळीपर्यंत थांबा. वीतभर-दीड वीत लांबीची जून फांदी घ्या. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, कातडीलाही काहींच्या खाज सुटते. कापलेली फांदी लगेच मातीत खोचायची घाई नको. आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा, जखम सुकून तिच्यावर खपली धरू द्या. मग निम्मी माती, निम्मी जाड वाळू, वर मूठभर जुनं शेणखत, आणि कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना, ते काडी घालून बघा. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका.

"पानं भरपूर, पण फूल नाही," अशी तक्रार बहुतेकांची असते. अशा वेळी युरिया घालत असाल तर आधी तो थांबवा आणि कुंडी उन्हात सरकवा. निदान सहा तास थेट ऊन हवं. फुलं फांदीच्या टोकालाच येतात, आणि फुलून झालं की तिथून नवे फाटे फुटतात. म्हणजे जितके फाटे, तितके पुढचे गुच्छ.

पावसाळ्यात पान उलटून बघायची सवय ठेवा. खाली नारिंगी भुकटी बोटाला लागली, तर तो तांबेरा. ती पानं काढून कचऱ्यात टाका, कुंडीत गाडू नका.

फुलं आली की संध्याकाळी गच्चीवर जा. याचा वास रात्री चढतो, तो पतंगांसाठी. गंमत म्हणजे फुलात मध नसतोच. बिचारा पतंग वासावर भुलून या फुलातून त्या फुलात हिंडतो, आणि उपाशीच परत जातो.