विष, झोप, शाप: गेममधल्या बाधा कशा चालतात

(दृश्य: काळा पडदा. मध्यभागी हिरवी आरोग्यपट्टी. तिच्या टोकाला जांभळा ठिपका उमटतो. पट्टी जराशी घटते. पुन्हा घटते.)

तलवारीचा घाव बसला की हिशेब तिथल्या तिथे मिटतो. शंभरातले तीस गेले, सत्तर उरले. पण हा जांभळा ठिपका लागला की हिशेब उघडा राहतो. दर टर्नला, म्हणजे दर पाळीला, थोडं थोडं जात राहतं आणि खेळणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न सुरू होतो: आधी समोरच्याला संपवू, की आधी स्वतःला सावरू?

फँटसी आरपीजी, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या, गेममध्ये याला स्टेटस इफेक्ट म्हणतात. विष, झोप, लकवा, आंधळेपण, वाचा बसणं, गोंधळ, दगड होणं, शाप. गेम बदलला की नावं थोडी बदलतात, काम तेच राहतं. या बाधा खेळणाऱ्याचा बेत मोडतात. त्या नीट जमल्या असतील तर बटणं दाबण्याची मारामारी डावपेचाची होते. जमल्या नसतील तर नुसता वैताग.

(दृश्य: सांगली, विश्रामबाग. संध्याकाळ. सायकली लावलेला जिना. वरच्या खोलीत ट्यूबलाइट.)

विश्रामबागेत कॉलेजं आहेत म्हणून भाड्याच्या खोल्या आहेत, आणि खोल्यांमधून रात्री उशिरापर्यंत गेम चालतात. या खोलीत चौघं बसलेत. मधे भडंगाचा पुडा. स्क्रीनवर पोकेमॉन, त्याच नावाचे प्राणी एकमेकांशी लढवायचा गेम.

"लेका, टॉक्सिक बसलंय तुला. काढ की माघारी."

"थांब जरा. अजून एक टर्न."

हा 'अजून एक टर्न' जवळून बघण्यासारखा आहे. पोकेमॉनमध्ये विष दोन प्रकारचं असतं. साधं विष दर टर्नला एकूण आरोग्याचा आठवा हिस्सा खातं. जालीम विष, म्हणजे टॉक्सिक, पहिल्या टर्नला सोळावा हिस्साच खातं. पण दुसऱ्या टर्नला दोन सोळांश, तिसऱ्याला तीन सोळांश, असं वाढत जातं. समजा आरोग्य १६० आहे. साध्या विषाने दर वेळी २० जाणार. टॉक्सिकने आधी १०, मग २०, मग ३०. तीन टर्नची बेरीज दोन्हीकडे ६०. तोपर्यंत दोन्ही विषं सारखीच वाटतात. चौथ्या टर्नपासून टॉक्सिक पुढे निघतं आणि सहाव्याला खेळ संपवतं. साध्या विषाला त्यासाठी आठ टर्न लागतात.

आता गंमत अशी की पोकेमॉन माघारी घेतला तर विष तसंच राहतं, पण वाढीची मोजणी पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू होते. म्हणजे सुटकेचा रस्ता आहे, फक्त त्यासाठी मैदान सोडावं लागतं, आणि त्या एका टर्नमध्ये समोरचा फुकटचा वार करून घेतो. टॉक्सिक टाकणाऱ्याला तेच हवं असतं. आपल्या खोलीतला गडी चौथा टर्न थांबलाय, पाचवाही थांबणार असं दिसतंय, आणि शेजारचा डोक्याला हात लावून बसलाय.

बाकीच्या बाधांचंही असंच. भाजल्याचं स्टेटस लागलं तर दर टर्नला थोडं आरोग्य जातंच, पण खरी चोट दुसरीकडे असते: अंगबळाच्या हल्ल्यांची ताकद निम्मी होते. लकव्यात आरोग्य अजिबात जात नाही. वेग निम्मा होतो आणि चारातल्या एका वेळी हात उचलतच नाही. नवखा खेळाडू फक्त पट्टीकडे बघतो म्हणून लकव्याला हलकं समजतो. मुरलेला खेळाडू त्यालाच जास्त घाबरतो.

(दृश्य: टेबलावर वीस बाजूंचा फासा. तो गडगडतो, थांबतो.)

या साऱ्याचं मूळ संगणकात नाही, टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. कागद, पेन्सिल आणि फासे. विषारी कोळी चावला की खेळाडूने फासा टाकायचा. दान पडलं तर वाचला, नाही तर मेला. १९८१ च्या 'विझार्ड्री'ने विष, लकवा, दगड होणं हे सगळं संगणकावर आणलं. तिथे गावातल्या मंदिरात सोनं मोजून इलाज करून घ्यावा लागे, आणि मेलेल्याला उठवताना फसलं तर त्याची राख होई. १९८७ साली जपानमधून 'फायनल फँटसी' आला आणि विषाला हा उतारा, दगडाला तो उतारा, अशी औषधांची पिशवी घेऊन फिरायची सवय पुढच्या पिढ्यांना लागली.

फाशांचा खेळही जागच्या जागी राहिला नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत विषबाधेचं स्टेटस स्वतःहून आरोग्य खातच नाही. वार करताना किंवा कसब आजमावताना एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि त्यातला लहान आकडा धरायचा, एवढंच. वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा जास्त हवेत असं धरा. एरवी शक्यता निम्मी. विष चढल्यावर पाव. २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' याच नियमांवर चालतो. आम्हाला हे विष पोकेमॉनच्या विषापेक्षा खरं वाटतं. विष अंगात भिनलेल्या माणसाचा आधी नेम चुकतो.

आणि विषाबद्दल सांगली जिल्ह्यात बोलायचं तर जपून बोलायला हवं.

(दृश्य: बत्तीस शिराळ्याकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस.)

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उसाच्या फडात काम करणाऱ्याला साप ही रोजची धास्ती. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जातं: पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर जातं: रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. गेमने याचे तुकडे पाडले. लकवा वेगळा, रक्तस्राव वेगळा, आणि 'विष' म्हणजे नुसती घटत जाणारी पट्टी. प्रत्येकाला वेगळं औषध, झाडपाला खाल्ला की टर्नभरात उतार. प्रत्यक्षात आपल्याकडे या चारही सापांवर विष उतरवणारी लस एकच, ती शिरेतून द्यावी लागते आणि ती दवाखान्यातच मिळते. साप चावला तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठायचा. गेमच्या गप्पांत हे एक वाक्य आम्ही मुद्दाम ठेवतोय.

(दृश्य: आयर्विन पूल. खाली कृष्णा. खांबावरचे फुटांचे आकडे.)

आता बाधा लागते कशी, ते पाहू. जुन्या गेममध्ये नशीब: शंभरात तीस वेळा लागेल, सत्तर वेळा नाही. २०११ च्या 'डार्क सोल्स'ने आणि २०२२ च्या 'एल्डन रिंग'ने नशिबाच्या जागी भरत जाणारी पट्टी ठेवली. विषारी सुरीचा प्रत्येक वार पट्टी थोडी भरतो. सांगलीकराला हे समजावायला आयर्विन पूल पुरेसा आहे. चाळीस फुटांपर्यंत नदीकडे बघत बघत कामं चालू असतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि मग माणसं सामान बांधायला लागतात. पाऊस उघडला की पाणी हळूहळू उतरतं. गेममधली पट्टीही तशीच उतरते. म्हणून भरत आलेली पट्टी दिसली की शहाणा खेळाडू दोन पावलं मागे सरतो आणि ती रिकामी होऊ देतो. वार करायची छान संधी समोर असताना मागे सरणं किती अवघड असतं, ते खेळल्याशिवाय कळत नाही.

पट्टी पूर्ण भरली की काय होतं, तेही प्रत्येक बाधेगणिक वेगळं. 'एल्डन रिंग'मध्ये रक्तस्रावाचा फटका समोरच्याच्या एकूण आरोग्याच्या प्रमाणात बसतो. जितका अजस्र शत्रू, तितका मोठा लचका. हिमबाधा झालेल्याला पुढचे सगळे वार जास्त लागतात. पण आगीचा वार बसला की हिमबाधा निघून जाते. ऐकायला तोटा वाटतो. खेळाडूंनी त्यातूनच युक्ती काढली: गोठवा, आग लावा, पट्टी रिकामी झाली की पुन्हा गोठवा.

'डार्क सोल्स'मधला शाप मात्र काळीज हलवणारा आहे. भुयारी गटारांमध्ये फुगीर डोळ्यांचे बॅसिलिस्क नावाचे प्राणी राखाडी धूर सोडतात. पट्टी भरली की आपलं पात्र दगड होऊन मरतं. मरण या गेममध्ये नेहमीचं, त्याचं काही वाटत नाही. पण परत उठल्यावर आरोग्याची पट्टी निम्मी असते आणि निम्मीच राहते, जोवर शाप उतरवणारा दगड सापडत नाही. तो विकणारी माणसं वर, बाहेर. म्हणजे अर्ध्या जिवानिशी त्याच गटारातून वाट काढायची. मिरजेचा एक मुलगा आम्हाला म्हणाला, "त्या रात्री गेम बंद केला आणि दोन दिवस हात लावला नाही. पण डोक्यातून जाईना, कुठनं वर जायचं ते." तो रस्ता त्याला आजही पाठ आहे. आरोग्याची मोठी पट्टी घेऊन तो तिथून धावत गेला असता, तर यातलं काहीच लक्षात राहिलं नसतं.

(दृश्य: पुन्हा खोली. आता दुसरा गेम.)

काही बाधा उलट्याही वापरता येतात, आणि इथे गेम करणाऱ्यांची बुद्धी दिसते. 'फायनल फँटसी'च्या बऱ्याच भागांत गोंधळलेला साथी आपल्याच माणसांवर हात टाकतो. त्याला भानावर आणायचं तर त्यालाच एक फटका द्यायचा. २००१ च्या दहाव्या भागात याहून पुढची गोष्ट आहे. तिथे झॉम्बी नावाची बाधा आहे: ती लागली की औषधाने जखम भरायच्या ऐवजी वाढते. साहजिकच, ती दिसली की खेळाडू घाईघाईने काढतो. युनालेस्का नावाची बॉस, म्हणजे मोठ्या लढाईतली बलाढ्य शत्रू, ही बाधा वाटत सुटते, आणि तिच्या शेवटच्या रूपात एक महामंत्र टाकते. ज्याच्या अंगात झॉम्बी नाही तो जागीच मरतो. ज्याला बरं केलं तो गेला. ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं तो उभा. तासन्‌तास शिकवलेला धडा एका टर्नमध्ये उलटा होतो, आणि तरी फसवल्यासारखं वाटत नाही, कारण नियम आधीपासून समोरच होता.

याच्या उलट टोकाला एक जुनी खोड आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे. खेळाडू झोप, विष, लकवा असे मंत्र शिकतो, आणि मोठा बॉस आला की त्याच्यावर यातलं काही चालतच नाही. किरकोळ शत्रू दोन वारांत मरतात, त्यांना विष कशाला घालायचं? जिथे गरज तिथे बंदी. बॉस कायमचा झोपला तर लढाईच उरणार नाही, ही करणाऱ्याची भीती खरी आहे. पण त्यावर उपाय आहे. 'एट्रियन ओडिसी' मालिकेत बॉसला बाधा लागतात, आणि एकदा लागली की त्याची प्रतिकारशक्ती वाढते. दुसऱ्यांदा जास्त कष्ट, तिसऱ्यांदा त्याहून जास्त. 'एल्डन रिंग'मध्येही एकदा भरलेली पट्टी पुढच्या वेळी लांब होते.

विश्रामबागेतली ही मुलं सध्या स्वतःचा छोटा गेम करताहेत, गोडो नावाच्या मोफत इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर. त्यांच्या बॉसला विष लागतं. पहिल्यांदा १०० गुण भरावे लागतात, मग १५०, मग २२५. अडचण अशी झाली की तिसऱ्या खेपेला पट्टी भरेपर्यंत बॉस आधीच मेलेला असतो. म्हणून दीडपटीच्या जागी सव्वापट करून बघणं चाललंय. प्रत्येक बाधेच्या चिन्हाखाली किती टर्न उरले तो आकडा त्यांनी उघड दाखवलाय, हे फार चांगलं केलंय. कशाने लागलं आणि कधी सुटणार हे कळत नसेल तर डाव कशावर आखायचा?

दगड होण्याची बाधा त्यांनी काढून टाकली होती. चार जणांची टोळी असेल तर एक दगड झाला तरी दुसरा औषध टाकतो. यांच्या गेममध्ये नायिका एकटीच फिरते. ती दगड झाली तर औषध टाकणार कोण? आता बाधा परत आलीय, पण अर्धी. पाय दगडाचे होतात, हात चालतात. जागेवरून हलता येत नाही, गोफण फिरवता येते. तीन टर्न.