चर्चगेटचं चर्च आणि त्यापुढचा गोल

(दृश्य: स्टेशनात शिरणारी लोकल. दारात उभी माणसं.)

"पुढील स्टेशन, चर्चगेट." एवढं कानावर पडलं की आपण बॅग सावरतो आणि दाराकडे सरकतो. पण स्टेशनाबाहेर येऊन शोधलंत तर चर्चही दिसत नाही आणि गेटही. गेट १८६० च्या दशकात पाडलं गेलं. चर्च मात्र अजून आपल्या जागेवर आहे, इथून वीसेक मिनिटांच्या चालीवर. आज तिथवर चालत जाऊ या, आणि मग आणखी चार पावलं पुढे.

(दृश्य: वीर नरिमन रस्ता, हुतात्मा चौक.)

वाटेत हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांचं स्मारक आणि त्याच्या शेजारी फ्लोरा फाउंटन. इथे क्षणभर थांबा. ते हरवलेलं गेट इथेच होतं. मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती, आणि या दरवाजातून आत शिरलं की वाट सरळ चर्चकडे जायची, म्हणून चर्चगेट. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पडला, खंदक बुजला. मागे उरलं ते नुसतं 'फोर्ट' हे नाव, आणि ते आपण अजूनही रोज वापरतो.

(दृश्य: सेंट थॉमस कॅथीड्रलचा मनोरा.)

आणि हे ते चर्च. सेंट थॉमस. गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या काळात, १६७० च्या दशकात याचा पाया पडला. मग काम जे रखडलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. १७१८ च्या नाताळात अखेर ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. मुंबईतली मैलांची मोजणी इथूनच व्हायची. इथून इतके मैल, असं रोमन आकड्यांत कोरलेले दगड रस्त्यांच्या कडेला होते. अलीकडे त्यातले काही महापालिकेने जमिनीतून वर काढून पुन्हा उभे केले. ज्या फुटपाथवरून आपण वर्षानुवर्षं चाललो, त्याच्याच पोटात हा दगड गाडलेला होता, हे कळल्यावर मला त्या फुटपाथविषयी वेगळीच माया वाटायला लागली.

(दृश्य: रस्ता संपतो. झाडी, आणि दोन्ही बाजूंनी वळत गेलेल्या इमारती.)

चर्च मागे टाकलं की रस्ता एकदम उघडतो. हॉर्निमन सर्कल. मधोमध अडीचेक एकरांची गोल बाग, आणि तिच्याभोवती कमानदार इमारतींचा वळसा.

दोनशे वर्षांपूर्वी इथे ओसाड मैदान होतं. त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत, आणि कापसामुळे कॉटन ग्रीनही. बंदर जवळ, त्यामुळे बोटीत चढायच्या आधी कापसाच्या गाठी इथेच रचल्या जात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलला आणि पुढे शिवडीकडे. जाताना तो आपलं नावही सोबत घेऊन गेला. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन आठवलं ना? त्या नावाचं मूळ गाव हे.

कापूस गेला, तरी त्याचा पैसा इथे परत आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे धावल्या. शहरात पैशाचा पूर आला. या ओसाड मैदानाचं देखणं वर्तुळ करावं, ही कल्पना पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांची. जमीन घेतली, तिचे तुकडे पाडले आणि व्यापारी पेढ्यांना विकले. अट एकच होती: आत काय हवं ते बांधा, पण दर्शनी बाजू सगळ्यांची सारखी. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. गोल मात्र पुरा झाला. १८७२ मध्ये बागही तयार झाली. गव्हर्नरच्या नावावरून याला एल्फिन्स्टन सर्कल म्हणू लागले.

(दृश्य: कमानींखालचा फुटपाथ. कॅमेरा हळूहळू वर जातो.)

आता कमानींखालून चाला. ऊन असो की पाऊस, डोक्यावर छप्पर आहे. मुंबईच्या हवेचा एवढा विचार करून बांधलेला फुटपाथ मला शहरात फार थोड्या ठिकाणी भेटतो. आणि चालता चालता मान वर करा. कमानीच्या बरोबर माथ्यावर जो दगड बसवतात, ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा भार येऊन टेकतो, त्या दगडावर इथे चेहरे कोरलेत. दाढीवाले, दगडी डोळ्यांचे. शेजारून केबल गेलीय, कुठे पावसाच्या पाण्याचा काळा ओघळ गालावरून उतरलाय. खालून रोज हजारो माणसं जातात आणि वर बघत नाहीत. मीही अनेक वर्षं पाहिलं नव्हतं. एकदा पावसात अडकून उभं राहावं लागलं, तेव्हा नजर वर गेली. आता इथून जाताना पाय आपोआप थांबतात.

(दृश्य: लाल इमारत.)

ही लाल इमारत मुंबई समाचारची. फर्दूनजी मर्झबान यांनी १८२२ मध्ये सुरू केलेलं हे गुजराती वर्तमानपत्र आजही निघतं. सलग निघणाऱ्या वर्तमानपत्रांत आशियात सर्वांत जुनं हेच. आणि गोलाला आज ज्यांचं नाव आहे तेही संपादकच. बेंजामिन गाय हॉर्निमन, जन्माने इंग्रज, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. सरकारवर त्यांनी इतकी स्पष्ट टीका केली की १९१९ च्या एप्रिलमध्ये, जालियनवाला बागेच्या त्या दिवसांत, सरकारने त्यांना हद्दपार केलं. १९२६ मध्ये ते परत आले आणि पुन्हा लिहू लागले. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचं नाव उतरलं आणि या इंग्रज पत्रकाराचं चढलं. शहराने किती विचाराने हे नाव निवडलं असेल!

(दृश्य: टाऊन हॉल. पायऱ्या आणि आठ खांब.)

या सगळ्या वळशाचा डोळा ज्याच्याकडे लागलाय, तो हा टाऊन हॉल. गोलाच्या आधीचा, १८३३ मध्ये पुरा झालेला. आराखडा कर्नल थॉमस काउपर यांचा. लॉटरी काढून पैसा उभा केला, तरी पुरला नाही. शेवटी कंपनी सरकारने भर घातली. तीस पायऱ्या, वर ग्रीक धाटणीचे आठ खांब, आणि आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय.

मला या चौकाचं वेड लागलं ते इथेच. बघा ना, चहूकडे बँका आहेत, पेढ्या आहेत. याच टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या सुमारास दलाल जमायचे, आणि त्यांतूनच पुढे मुंबईचा शेअर बाजार उभा राहिला. इतक्या पैशाच्या मध्यभागी, सर्वांत उंच पायऱ्यांवर बसलीत ती पुस्तकं. महामहोपाध्याय पां. वा. काणे इथे वाचत. दुर्गा भागवतांनी तर आयुष्यातली कित्येक वर्षं याच ग्रंथालयात काढली. त्या खांबांमधून आत जाताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

सोसायटीच्या संग्रहात एक करंडक आहे, म्हणजे झाकणाची डबी. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. हो, आपलं नालासोपारा, जिथे लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते तेच. आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बसलेल्या बुद्धांच्या आठ मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या त्या इवल्या डबीत सोन्याची फुलं, आणि फुलांमध्ये जपून ठेवलेल्या तेरा खापऱ्या. मातीच्या भांड्याच्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे, या श्रद्धेने कुणीतरी त्या तिथे ठेवल्या होत्या. एवढं सोनं, चांदी, स्फटिक, ते सगळं त्या मातीला सांभाळण्यासाठी.

(दृश्य: संध्याकाळ. पायऱ्यांवर बसलेली माणसं.)

टाऊन हॉलचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून इथे संध्याकाळी यावं. ऑफिसं सुटत असतात. कुणी डबा उघडून बसलंय, कुणी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक. लग्न ठरलेलं एक जोडपं फोटोसाठी उभं आहे, आणि फोटोग्राफर त्यांना सारखा एक पायरी खाली या म्हणतोय. ऊन खांबांवर आलंय. खांबांवर उभ्या पन्हाळी कोरल्यात, त्यामुळे प्रत्येक खांब अर्धा सोनेरी, अर्धा काळा दिसतो.

सूर्य बागेतल्या झाडांमागे गेला की त्यांची सावली पायऱ्या चढू लागते. पहिली, दुसरी, पाचवी. वाचणारी मुलगी पुस्तकावरचं बोट न काढता दोन पायऱ्या वर सरकते, उजेड आहे तिथे. थोड्या वेळाने पुन्हा दोन. आता वर फक्त खांबांचे माथे उजळलेत. ती पान उलटते.