टोकाच्या राजकारणात मधली जागा कोणाची?

मित्रहो, राजकीय ध्रुवीकरणाचा विषय निघाला की ‘पूर्वी असं नव्हतं’ हे वाक्य ठरलेलं. म्हणून मी एका जुन्या तक्रारीपासून सुरुवात करतो. १९५० साली अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने एक अहवाल काढला. समितीचे अध्यक्ष होते ई. ई. शॅटश्नायडर. त्यांचं दुखणं असं की, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे पक्ष पुरेसे वेगळे नाहीत, मतदाराला खरी निवडच उरत नाही. आज तिथे ही तक्रार करायला कोणी धजावणार नाही! पण त्या मंडळींना वेड्यात काढू नका. पक्षापक्षांत स्पष्ट फरक हवाच. मतभेद तीव्र आहेत एवढ्यावरून लोकशाही आजारी आहे, असं मी मानत नाही.

आजार दिसतो तो दुसरीकडे. १९६० साली अमेरिकेत विचारलं गेलं, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का? ‘वाटेल’ म्हणणारे दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१० साली साधारण तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा जवळपास निम्मे रिपब्लिकन आणि एक तृतीयांश डेमोक्रॅट नाराज होणार होते. शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे आकडे शेजारी शेजारी मांडले. धोरणांवरून भांडण असणं आणि समोरच्या माणसाचाच तिटकारा येणं, या दोन गोष्टी एकमेकींबरोबरच वाढतात असं नाही, हे त्यांनी दाखवलं. २०१९च्या आणखी एका अमेरिकी पाहणीत प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूच्या जहाल लोकांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट धरलेलं आढळलं. बातम्यांत सतत बुडालेल्यांचा अंदाज तर जास्तच चुकला. अशा व्याख्यानाला येणारे आपण कोणत्या गटात मोडतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग सल्ला येतो, दोघांनी दोन पावलं मागे या, मध्य गाठा. या सल्ल्याची मला धास्ती वाटते. फिलाडेल्फियात १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी द्यायचे, तर गुलाम मोजायचे की नाही? दक्षिणेकडच्या राज्यांना ते पूर्ण मोजून हवे होते, उत्तरेकडच्या अनेकांना मुळीच नको होते. तोडगा निघाला, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. दोन्ही बाजू समंजसपणे वागल्या, दोघांनीही माघार घेतली. मताचा अधिकार गुलामांना नव्हताच, त्यांच्या डोक्यांवर जागा मात्र मालकांच्या राज्यांना वाढवून मिळाल्या. ज्यांची मोजदाद चालली होती त्यांच्यातलं एकही माणूस त्या दालनात नव्हतं. म्हणून कोणी मला मध्यममार्ग दाखवला की तो कुठून कुठे जातो हे मी नंतर बघतो. ठरवताना कोण कोण हजर होतं, हे आधी विचारतो.

आयर्लंडचं उदाहरण याच कारणासाठी मला मोलाचं वाटतं. तिथे १९८३ साली सार्वमत घेऊन गर्भपातबंदी थेट घटनेत घातली गेली होती. त्या मुद्द्याला हात लावायला पुढाऱ्यांचं धाडस होईना. २०१६ मध्ये सरकारने नागरिक सभा नेमली. अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय, आणि वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर यांचं प्रमाण सांभाळून, नावं यादृच्छिक काढून निवडलेले ९९ नागरिक. ही माणसं शनिवार-रविवार जमायची. छोट्या गोल टेबलांभोवती बसायची. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते, स्वतः त्या प्रसंगातून गेलेल्या स्त्रिया, सगळ्यांचं ऐकायची, मग आपापसांत बोलायची. प्रत्येकाला बोलायला मिळावं हे पाहायला टेबलावर एक संचालक असे. या विषयासाठी त्यांनी पाच शनिवार-रविवार दिले.

निघालेला निष्कर्ष मधला नव्हता! पुढाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा तो बराच पुढे गेला. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी बंदी उठवण्याचा कौल दिला. बंदी राहावी म्हणून लढणाऱ्या प्रमुख गटाने मतमोजणी पुरी होण्याआधीच पराभव मान्य केला. आपलं मत मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि सोडावं अशी माझीही अपेक्षा नाही. हरलेल्याला ‘मला फसवलं’ असं म्हणायला जागा उरू नये, एवढं जमलं तरी पुष्कळ. अर्थात, या सभेने फक्त शिफारस केली होती, कायदा संसदेनेच केला. शिवाय असल्या सभा भरवून सरकारं नकोसे प्रश्न लांबणीवरही टाकू शकतात.

शेजारच्या उत्तर आयर्लंडची तऱ्हा वेगळी. दशकानुदशकांच्या रक्तपातानंतर १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे ‘युनियनिस्ट’ आणि आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे ‘नॅशनॅलिस्ट’, या दोन्ही समाजांनी मिळून राज्य करायचं, कोणीही दुसऱ्यावर निर्णय लादायचा नाही. त्यासाठी विधानसभेत निवडून आलेल्याने आपण ‘युनियनिस्ट’, ‘नॅशनॅलिस्ट’ की ‘इतर’ हे नोंदवायचं. कळीच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांचा वेगवेगळा पाठिंबा लागतो. हिंसाचार कितीतरी ओसरला, हे श्रेय त्या कराराला दिलंच पाहिजे. पण गंमत पाहा, ‘इतर’ म्हणवणाऱ्याचं मत एकूण बेरजेत धरतात, दोन गटांच्या हिशेबात त्याला स्थान नाही. म्हणजे दोन्ही तट नाकारून मध्ये उभं राहणाऱ्याच्या मताला सगळ्यात कमी वजन! अशा लोकांचा अलायन्स नावाचा पक्ष आहे. १९९८ मध्ये १०८ पैकी ६ जागा त्याच्याकडे होत्या, २०२२ मध्ये ९० पैकी १७ झाल्या. मत मोजण्याचा तो नियम या निवडणुकीतही तसाच होता.