आखाजीची पाहुणी आणि सातबारा

माय-बहिणींनो आणि मंडळी,

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आपल्या खान्देशातला लेकीचा सण. भाऊ मुराळी होऊन जातो, बहिणीला घेऊन येतो. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, नवं साल ठरतं. आणखी एक काम या दिवसांत उरकतात, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. सगळ्या बहिणी एका जागी सापडतात, म्हणून हक्कसोडपत्राच्या, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाच्या, सह्या तेव्हाच घेतात.

मी स्वतः घेतली आहे. ते पुढे सांगतो.

बाई पूर्वी घरात दबलेली होती आणि आता मोकळी झाली, असं आपण सरसकट म्हणतो. मला ते पटत नाही. माझ्या आजीच्या ताब्यात बियाण्याची कणगी होती. दादर ज्वारीचं आणि बाजरीचं बी ती राखेत घोळून ठेवायची. पेरणीला किती काढायचं, हे आजोबा तिला विचारत. पुढे दुकानातून संकरित बियाण्याच्या पिशव्या आल्या आणि घरातला तो शब्द आजीकडून गेला. आईने जन्मभर कापूस वेचला, पण विक्रीची पट्टी वडिलांच्या नावाची. माझी सून बचत गटाचा हिशोब लिहिते, स्कूटीवर बँकेत जाते, पोरांची शाळा तीच ठरवते. एवढं सगळं बदललं, तरी सातबाऱ्यावर बाईचं नाव शोधावं लागतं.

कायदा कधीचाच पुढे गेला. १९५६ साली वडिलांच्या हिश्श्यात मुलगी वारस झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीने तो लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला, आणि वडील २००५ आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. अडचण कायद्याची नाही, माहेर तुटण्याच्या भीतीची आहे.

१९९८ ची आखाजी. वडील आदल्या वर्षी गेले होते. बहिणीच्या हातावरची मेंदी अजून ओली होती, म्हणून तिने पेन दोन बोटांत धरलं. कागद वाचला नाही. मी विचारलं, "वाचतेस का?" ती म्हणाली, "मन्हं माहेर तुटी जाई, भाऊ. दे आठे." मी बोट ठेवलं, तिने सही केली. त्या सहीशेजारी मेंदीचा एक ठिपका पडलेला आहे. कागद माझ्याकडेच होता, वीस वर्षं मी तो पाहत होतो.

शेवटी बक्षीसपत्र करून तिचा हिस्सा तिच्या नावावर केला. आमच्या भावकीत बोलणी झाली, ती मी ऐकून घेतली. दोन उन्हाळ्यांनी विहिरीची मोटार जळाली, तेव्हा बहिणीचा फोन आला. आधी नेहमी ती विचारायची, तुमचं कसं चाललंय. त्या दिवशी म्हणाली, "दुरुस्तीत माझा वाटा किती आला?"